भरतपूरच्या पाणथळीत एक बाभूळ काढायची, दुसरी राखायची, असं का?

राजस्थानातलं भरतपूरचं केवलादेव राष्ट्रीय उद्यान जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं आहे. १९८५ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे. पावसाळ्यात तलावांतल्या झाडांवर चित्रबलाक, बगळे, पाणकावळे आणि चमचे घरटी बांधतात. त्यामुळे कोणतं झाड-झुडूप काढायचं आणि कोणतं ठेवायचं, यावर पिलांचं जगणं अवलंबून असतं.

गावठी बाभूळ का हवी?

ती पाण्यात उभी राहू शकते. तिच्या काटेरी फांद्यांवर घरटी पक्की बसतात आणि भोवती पाणी असल्याने कोल्ह्यांसारखे शिकारी सहज पोहोचत नाहीत. खाली मासेही मिळतात.

वेडी बाभूळ का नको?

ती मूळची अमेरिका खंडातली. पाणी आटलं की ती तलावाच्या कोरड्या भागात शिरते आणि पाणथळीची जागा व्यापते. जनावरं शेंगा खातात आणि शेणातून बी पसरतं. नुसती तोडली तर बुंध्यातून पुन्हा फुटते, म्हणून मुळासकट काढावी लागते. उद्यानात या कामात आसपासच्या गावकऱ्यांना सामील करून घेतलं गेलं आणि लाकूड त्यांना नेऊ दिलं.

चराईबंदीने काय शिकवलं?

१९८२ मध्ये उद्यानात म्हशी चारण्यावर बंदी आली. विरोध झाला, पोलीस गोळीबारात गावकऱ्यांचे जीव गेले. पुढे घडलं ते अनपेक्षित होतं. म्हशी खात असलेलं पाणगवत बेसुमार वाढलं आणि उघडं पाणी आकसलं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या १९८०च्या दशकातल्या दीर्घ अभ्यासातून म्हशींची ही भूमिका स्पष्ट झाली.

मग फक्त झुडपं काढून भागेल का?

नाही. गंभीर नदीवरच्या पांचना धरणानंतर उद्यानाकडे येणारं पाणी घटलं. तळं कोरडं राहिलं तर वेडी बाभूळ परतते आणि गावठी बाभळीवरची घरटीही असुरक्षित होतात. साफसफाई विणीच्या हंगामाबाहेर करावी लागते, नाहीतर त्या वावरानेच पक्षी घरटी सोडू शकतात. थोडक्यात, कुऱ्हाड कुठे आणि कधी चालवायची हे जितकं महत्त्वाचं, तितकंच पावसाळ्यात तळ्यात पाणी पोहोचणंही.