चेन्नईत मतदार यादी आटली. मतदान केंद्रांचे गणित नव्याने मांडण्याची गरज

चेन्नई, 22 डिसेंबर : मतदार यादीच्या विशेष सखोल पुनरीक्षणानंतर 19 डिसेंबर 2025 रोजी प्रसिद्ध झालेल्या प्रारूप यादीत चेन्नई जिल्ह्यातील मतदारांची संख्या 40.04 लाखांवरून 25.79 लाखांवर आली आहे. वगळलेल्या 14.25 लाख नावांवरून राजकीय वाद सुरू असताना त्याच्याशी निगडित दुसरा प्रश्न मात्र मागे पडला आहे. उरलेल्या मतदारांसाठी मतदान केंद्रे किती असावीत आणि कोठे असावीत, हा तो प्रश्न होय. संख्या घटली म्हणून केंद्रे एकत्र करण्याचा विचार प्रशासकीयदृष्ट्या सोयीचा वाटला, तरी शहराचा अलीकडचा अनुभव त्याबाबत सावध करणारा आहे.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1951 च्या कलम 25 नुसार मतदान केंद्रे निश्चित करून त्यांची यादी प्रसिद्ध करण्याची जबाबदारी जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यावर असते व त्यासाठी निवडणूक आयोगाची पूर्वमान्यता लागते. बहुतेक जिल्ह्यांत हे पद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. चेन्नईत मात्र ते महापालिका आयुक्तांकडे आहे, डिसेंबर 2025 मध्ये जे. कुमारगुरुबरन ही जबाबदारी सांभाळत होते. महाराष्ट्रातील 2024 च्या विधानसभा निवडणुकीत मुंबईतही आयुक्त भूषण गगराणी यांच्याकडे हीच जबाबदारी होती. या व्यवस्थेचा एक व्यावहारिक लाभ आहे. महापालिकेच्या ज्या शाळांत मतदान होते, तेथील उतरंड, पिण्याचे पाणी, वीज आणि स्वच्छतागृह यांची देखभाल आणि केंद्रांची निवड या दोन्ही गोष्टी एकाच यंत्रणेच्या हाती राहतात.

केंद्र निवडण्याचे निकष आयोगाने ठरवून दिले आहेत. मतदाराला दोन किलोमीटरपेक्षा अधिक अंतर चालावे लागू नये, केंद्र शक्यतो शासकीय इमारतीत आणि तळमजल्यावर असावे, पोलीस ठाणे, रुग्णालय अथवा धार्मिक स्थळ त्यासाठी वापरू नये, 200 मीटरच्या आत राजकीय पक्षाचे कार्यालय नसावे आणि एका कुटुंबातील मतदारांची नावे एकाच केंद्रावर असावीत, असे हे निकष आहेत. प्रारूप यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकती मागवल्या जातात आणि मान्यताप्राप्त पक्षांशी चर्चा केली जाते.

प्रत्यक्षात सर्वाधिक प्रभाव पडतो तो एका केंद्रावरील कमाल मतदारसंख्येचा. दीर्घकाळ ही मर्यादा 1,500 होती. करोनाकाळात 2021 च्या विधानसभा निवडणुकीसाठी ती 1,000 करण्यात आली, तेव्हा चेन्नईतील केंद्रांची संख्या 5,900 च्या घरात गेली. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत ती पुन्हा सुमारे 3,700 वर आली. मर्यादा 1,200 वरून 1,500 पर्यंत वाढवण्यास आव्हान देणाऱ्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये आयोगाकडे स्पष्टीकरण मागितले होते. त्यानंतर 2025 मध्ये आयोगाने 1,200 ची मर्यादा निश्चित केली. तिची अंमलबजावणी प्रथम बिहारमध्ये झाली आणि तेथील केंद्रे 77,895 वरून 90,712 झाली.

ही मर्यादा का महत्त्वाची, हे साध्या हिशोबावरून कळते. सकाळी 7 ते सायंकाळी 6 या 11 तासांत 660 मिनिटे असतात. 1,200 मतदारांपैकी 55 टक्के आले, तर प्रत्येकाच्या वाट्याला नेमके एक मिनिट येते. 70 टक्के आले, तर सुमारे 47 सेकंद. 2024 मध्ये तमिळनाडूत सुमारे 69.7 टक्के मतदान झाले असताना मध्य व दक्षिण चेन्नई मतदारसंघांत ते 54 टक्क्यांच्या आसपासच राहिले. म्हणजे शहरातील केंद्रे आजवर कमी मतदानामुळेच निभावून गेली. मतदान राज्याच्या सरासरीइतके झाल्यास रांगा लांबणे अटळ आहे. मुंबईकरांनी 20 मे 2024 रोजी त्याचा अनुभव घेतला आणि त्यानंतर तेथील केंद्रांची पुनर्रचना करावी लागली.

चेन्नईचा दुसरा पेच स्थलांतराचा आहे. वगळलेल्या नावांपैकी सुमारे 12.22 लाख नावे स्थलांतरितांची असल्याचे प्रशासनाने नमूद केले आहे. त्यामागे भाड्याची घरे बदलणारा नोकरदार वर्ग आहे, तशीच पुनर्वसन झालेली कुटुंबेही आहेत. कूवम नदीकाठच्या वस्त्यांतून हलवलेल्या अनेक कुटुंबांना सुमारे 20 किलोमीटरवरील कण्णगी नगरमध्ये घरे मिळाली. हा भाग चेन्नई महापालिकेच्या हद्दीत असला, तरी तो ज्या शोळिंगनल्लूर विधानसभा मतदारसंघात येतो, त्याचे निवडणूक प्रशासन चेंगलपट्टू जिल्ह्याकडे आहे. महापालिका तीच राहते, परंतु मतदारसंघ, जिल्हा निवडणूक अधिकारी आणि मतदान केंद्र हे सारे बदलते. जुन्या यादीतून नाव गेले आणि नव्या यादीत आले नाही, तर असा मतदार कोणत्याच केंद्राच्या हिशोबात राहत नाही.

या पार्श्वभूमीवर कामाचा क्रमही विचारात घ्यावा लागेल. पुनरीक्षणाच्या वेळापत्रकात केंद्रांची पुनर्रचना प्रारूप यादीपूर्वी पूर्ण करायची होती. 2024 मधील सुमारे 3,700 केंद्रे आधार मानल्यास जुन्या यादीनुसार प्रत्येक केंद्रामागे सरासरी 1,080 मतदार येत होते. प्रारूप यादीनुसार ते 700 च्या आत येतात. तथापि, ही संख्या स्थिर नाही. दावे व हरकतींसाठी सुरुवातीला 18 जानेवारी 2026 पर्यंतची मुदत जाहीर झाली असून अर्ज क्रमांक 6 द्वारे अनेक नावे परत येऊ शकतात. प्रारूप यादीच्या आधारे केंद्रे कमी केल्यास नंतर नाव नोंदवणाऱ्यांना गर्दीच्या किंवा अनोळखी केंद्रावर जावे लागेल. सध्याची केंद्रे कायम ठेवल्यास मनुष्यबळाचा खर्च वाढेल हे खरे. पण रांग आखूड होईल आणि मतदाराला ओळखीच्या शाळेतच मतदान करता येईल.

महापालिका निवडणुकीची केंद्रव्यवस्था राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत, 200 प्रभागांनुसार स्वतंत्रपणे ठरते. त्यामुळे लोकसभेला ज्या शाळेत मतदान केले, तीच शाळा महापालिकेलाही मिळेल याची हमी नसते. फेब्रुवारी 2022 मधील महापालिका निवडणुकीत चेन्नईत 44 टक्क्यांच्या आसपासच मतदान झाले. या अनास्थेचे खापर केवळ केंद्रांच्या रचनेवर फोडता येणार नाही. परंतु प्रशासनाच्या थेट हाती असलेला घटक तोच आहे.

केंद्रांबाबतच्या चर्चेत पक्षांचे प्रतिनिधी असतात, सामान्य मतदार क्वचितच असतो. त्याला आपले केंद्र बदलल्याचे बहुधा मतदानाच्या काही दिवस आधी मिळणाऱ्या चिठ्ठीवरूनच कळते. 2026 च्या उन्हाळ्यात अपेक्षित असलेल्या विधानसभा निवडणुकीपूर्वी अंतिम यादीबरोबरच बदललेल्या केंद्रांची माहिती घरोघरी पोहोचवणे आणि पुनर्वसन वसाहतींतील नोंदणीसाठी दोन जिल्ह्यांच्या यंत्रणांनी एकत्र काम करणे, ही दोन कामे महापालिकेला वेळेत हाती घ्यावी लागतील.