मतस्वातंत्र्य आणि आपला बाब्या

नागपूरच्या दक्षिण कडेस असलेले बेसा हे फार वर्षे झाली नाहीत तोवर शेतांनी वेढलेले खेडे होते. आज मानेवाडा-बेसा रस्त्याच्या दुतर्फा इमारती उठल्या आहेत आणि नाना पक्षांचे, नाना पेशांचे लोक एकाच जिन्याने चढउतार करीत आहेत. अशा वस्तीत राजकारणाचा काथ्याकूट चहाच्या टपरीवर व्हावा हे ओघानेच आले. तेथे नित्य भेटणारे दोन गृहस्थ आमच्या चांगल्या परिचयाचे आहेत. पैकी एक सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, दुसरे शाळेत इतिहास शिकविणारे. दोघेही सज्जन, दोघेही वाचन करणारे आणि दोघेही मतस्वातंत्र्याचे कैवारी.

२०२२ च्या एप्रिलमध्ये अमरावतीच्या तत्कालीन खासदार नवनीत राणा व त्यांचे पती आमदार रवी राणा यांनी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या घरापुढे हनुमान चालिसा म्हणण्याचा बेत जाहीर केला. बेत रद्द केल्याचे त्यांनी सांगितल्यावरही त्यांस अटक झाली आणि त्यांच्यावर चक्क राजद्रोहाचे कलम लावण्यात आले. पुढे जामीन देताना न्यायालयानेच हे कलम प्रथमदर्शनी लागू होत नाही असे म्हटले. लागलीच मे महिन्यात केतकी चितळे या अभिनेत्रीने शरद पवारांची टवाळी करणारा, दुसऱ्या कोणी रचलेला मजकूर फेसबुकवर टाकला आणि महिन्याहून अधिक काळ ती कोठडीत राहिली. त्या दिवसांत आमचे निवृत्त स्नेही संतापाने लाल झाले होते, गुरुजी मात्र शांतपणे म्हणत, "दंगल पेटविण्याचाच डाव होता, सरकारने केले ते योग्यच."

जूनअखेर सरकार बदलले. ६ डिसेंबर रोजी राज्य शासनाचे वाङ्मय पुरस्कार जाहीर झाले. त्यांत कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' या तुरुंगातील आठवणींच्या पुस्तकाचा अनघा लेले यांनी केलेला अनुवाद होता. पुस्तकावर बंदी नव्हती. ते राजरोस विकले जात होते. सहा दिवसांनी, १२ डिसेंबरला, शासनाने तो पुरस्कार रद्द केला आणि निवड करणारी समितीच बरखास्त केली. कारण काय, तर 'प्रशासकीय'! काही लेखकांनी आपले पुरस्कार नाकारले, साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या काही सदस्यांनी राजीनामे दिले. आता लाल होण्याची पाळी गुरुजींची होती. निवृत्त गृहस्थ घोट घेत म्हणाले, "नक्षलवाद्याच्या पुस्तकास आमच्या करातून बक्षीस कशाला?" आठ महिन्यांत या दोघांनी एकमेकांची वाक्ये जशीच्या तशी अदलाबदल करून घेतली होती, आणि त्याची गंधवार्ताही दोघांस नव्हती.

पुरस्कार हा कोणाचा हक्क नव्हे, तो न दिल्याने लेखणी कशी बांधली जाते, हा निवृत्त गृहस्थांचा प्रश्न अगदीच पोकळ नाही. शासनाने तो मुळातच दिला नसता तर आम्ही त्यावर एक ओळही लिहिली नसती. परंतु आपणच नेमलेल्या परीक्षकांनी दिलेला निर्णय आठवडा उलटण्यापूर्वी मोडावयाचा आणि परीक्षकांसही घरी पाठवावयाचे, ही शिक्षा होय. ती अनुवादिकेस झाली तितकीच पुढील वर्षी परीक्षकाच्या आसनावर बसणाऱ्या प्रत्येकासही झाली. त्याने पुस्तक वाचण्यापूर्वी मंत्रालयाकडे पाहावे, असाच तिचा अर्थ आहे.

सत्ताधीशाला टीका खुपते यात नवल ते काय? इंग्रजांसही ती खुपत होती. १९०८ साली टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली ती १२४ अ या कलमाखाली. त्याच सुमारास नागपूरच्या 'देशसेवक' पत्राचे संपादक अच्युतराव कोल्हटकर यांनाही राजद्रोहापायी तुरुंग पाहावा लागला. परका गेला, कलम राहिले. टिळकांच्या तसबिरीस दर १ ऑगस्टला हार घालणाऱ्या पक्षांनी पाळीपाळीने राज्य केले, पण ते कलम सर्वांनी सांभाळून ठेवले. ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचा वापर थोपविला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली तेव्हा 'राजद्रोह' हा शब्द गेला खरा, पण देशाची एकता व सार्वभौमत्व धोक्यात आणणाऱ्या शब्दांस जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगणारे कलम १५२ त्याच्या जागी येऊन बसले. हे सर्व आम्हां सामान्य नागरिकांच्या डोळ्यांदेखत झाले, आणि आम्ही फक्त एवढेच पाहत राहिलो की, या खेपेस आत कोण चालला आहे, आपला की त्यांचा.

या पक्षांधळेपणाचा नमुना आणीबाणीच्या सन्मानाइतका बोलका दुसरा नाही. 'मिसा' कायदा १९७१ साली देशाच्या सुरक्षिततेचे कारण सांगून करण्यात आला आणि १९७५ साली त्याच कायद्याने विरोधी पक्षांचे व संघाचे हजारो लोक कोंडले गेले. त्या बंदिवानांस २०१८ साली फडणवीस सरकारने मानधन सुरू केले. महिन्याहून अधिक काळ आत राहिलेल्यांस दरमहा १०,००० रुपये. जुलै २०२० मध्ये महाविकास आघाडीने ते बंद केले. जुलै २०२२ मध्ये शिंदे सरकारने पुन्हा सुरू केले. एकाच माणसाचा एकच तुरुंगवास सरकारागणिक कधी देशसेवा ठरावा, कधी ठरू नये! आणि ज्यांनी तो सन्मान पुन्हा सुरू केला त्यांनीच पाच महिन्यांच्या आत एका तुरुंगकथेचा पुरस्कार काढून घेतला.

येथे आक्षेपक विचारतील की, शब्दांनी घरे जळतात, त्याचे काय? नागपूरकरास हे शिकवावयास नको. १७ मार्च २०२५ च्या रात्री महालात व आसपास जे घडले त्यामागे औरंगजेबाच्या कबरीवरून झालेले आंदोलन होते आणि पवित्र मजकुराची चादर जाळल्याची अफवा होती. शहराच्या मोठ्या भागावर संचारबंदी आली, एकाचा जीव गेला. अशी आग लावणाऱ्या जिभेस कायद्याने आवरावे, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु चर्चा, प्रतिपादन आणि चिथावणी या तीन भिन्न गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ६६ अ हे कलम रद्द करताना स्पष्ट केले आहे. चालिसा म्हणण्याचा बेत, पुढाऱ्याची टवाळी, अनुवादित आठवणी यांपैकी कशाने कोणते घर जळाले? दंगलीचे भय खरे आहे, म्हणूनच त्याचा खोटा दाखला देणाऱ्यांविषयी आम्हांस अधिक चीड वाटते.

त्याच नागपुरात, डिसेंबर २०२४ च्या हिवाळी अधिवेशनात, महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मांडले जाऊन संयुक्त समितीकडे गेले. १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने ते आवाजी मतदानाने संमत केले. सार्वजनिक सुव्यवस्थेस धोका ठरणारे बोलणे, लिहिणे, इतकेच काय, खूण करणेही त्याच्या व्याख्येत बसू शकते. रोख कडव्या डाव्या संघटनांवर आहे असे सांगण्यात आले. 'मिसा'चा रोखही एके काळी भलतीकडेच होता. सभागृहात उघड विरोधास उभे राहिले ते मार्क्सवादी पक्षाचे विनोद निकोले. बाकीच्या विरोधकांस कंठ फुटला तो बहुतेक दुसऱ्या दिवशी. आमचे निवृत्त स्नेही प्रसन्न आहेत. उद्या सरकार बदलले आणि हेच शब्द गुरुजींच्या पक्षाच्या हाती आले तर काय, असे आम्ही त्यांस विचारले. ते म्हणाले, "सरकार बदलणारच नाही."

आणि दर वेळी सरकारच लागते असेही नाही. आगरकरांची प्रेतयात्रा त्यांच्या डोळ्यांदेखत काढली ती पुण्याच्या लोकांनी, गव्हर्नराने नव्हे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाच्या उद्घाटनास नयनतारा सहगल यांना बोलावून, उधळून लावण्याची धमकी येताच ते निमंत्रण मागे घेतले गेले. पंडित घराण्यातील मराठी पित्याची कन्या, सत्तेवर असलेल्या मामेबहिणीच्या आणीबाणीस विरोध करणारी लेखिका. आणि तिचे भाषण वाचावयास मिळाले ते संमेलनाच्या मांडवाबाहेर.

गेल्या आठवड्यात टपरीवर आम्ही दोघांसही एकच प्रश्न केला : आपल्या पक्षाच्या सरकारने कोणाचे तोंड बांधले असता आपण निषेध केला, असा एक तरी प्रसंग सांगा. निवृत्त गृहस्थ सुटे पैसे शोधू लागले. गुरुजींनी जरा वेळाने आमच्याकडे रोखून पाहिले आणि विचारले, "तुमचे काय हो? निमंत्रण मागे घेतले तेव्हा तुम्ही कोठे होता?"

आम्ही यवतमाळलाच होतो. मांडवात तिसऱ्या रांगेत बसलो होतो, आणि अध्यक्षांच्या भाषणास टाळ्याही वाजविल्या होत्या.