मालाचा मोबदला, जिवाचे पदक

शिरवळच्या बाजारपेठेत उतरणाऱ्या मालाची बिल्टी, भाडे आणि विमा यांचा हिशेब व्यापाऱ्याला तोंडपाठ असतो. समुद्रमार्गे येणाऱ्या मालाच्या व्यवहारात मात्र एक विलक्षण कलम आहे. संकटातील जहाज वा त्यावरील माल वाचविणाऱ्यास धन्याकडून मोबदला मिळतो. काहीच वाचले नाही, तर सहसा कष्ट फुकट. परंतु ज्याचे प्राण वाचविले, त्याच्याकडे मोबदल्याचा हक्क सांगता येत नाही. १९८९ च्या आंतरराष्ट्रीय कराराचे हेच तत्त्व आहे. तरीही बुडणाऱ्याच्या मदतीस धावणे कप्तानावर बंधनकारकच! वाट वाकडी करावी, इंधन जाळावे, वेळ मोडावा. जमेच्या बाजूस शून्य.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली, त्यामुळे आपल्या समाजाला जहाजव्यवसाय परका नाही. पुढे मुंबईतच मुख्यालय असलेल्या शिपिंग कॉर्पोरेशनच्या 'संपूर्ण स्वराज्य' या तेलवाहू जहाजाची ही हकीकत.

२२ जून २०१५. बंगालच्या उपसागरात, ओडिशातील गोपाळपूरसमोर, द्वितीय अधिकाऱ्यास अडीच किलोमीटरवर 'दुर्गम्मा' ही मासेमारी नौका दिसली. इंजिन बंद, नांगर गमावलेला, अन्नपाणी वाहून गेलेले. आतील सात जण मासळीसाठी ठेवलेल्या बर्फावर तग धरून होते. सर्वांत धाकटा अवघा १५ वर्षांचा. लाटा २५ फुटांहून उंच, वारा ताशी ६० सागरी मैल. अशा समुद्रात अवजड जहाज चिमुकल्या नौकेजवळ न्यायचे म्हणजे वाचविण्याऐवजी तिला चिरडण्याचाच धोका. कप्तान राधिका मेनन यांनी तो पत्करला. जीवरक्षक जाकिटे व तरंगकडी सज्ज ठेवली, दोरशिडी सोडली. तीनदा प्रयत्न करावा लागला, तेव्हा कुठे सातही जण वर आले.

२१ नोव्हेंबर २०१६ रोजी लंडन येथे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने श्रीमती मेनन यांना असामान्य शौर्याचे पदक व प्रशस्तिपत्र दिले. २००७ पासून दिल्या जाणाऱ्या या सन्मानाच्या त्या पहिल्या महिला मानकरी. कायद्याने ज्या कामाचे मोल ठरविले नाही, त्याची नोंद निदान अशी तरी झाली.

पदक यायला सतरा महिने लागले. तोवर ज्यांच्या अंत्यविधीची तयारी घरी चालली होती, ते सातही जण केव्हाच परतले होते.