आढाव्यातील ‘निरंक’
आयएसओ ९००१:२०१५ या मानकाच्या कलम ९.३ नुसार सर्वोच्च व्यवस्थापनाने गुणवत्ता व्यवस्थापन प्रणालीचा नियोजित कालांतराने आढावा घ्यावयाचा असतो. उद्दिष्टपूर्ती, ग्राहकांचे समाधान, विसंगती व त्यांवरील सुधारणा, परीक्षणांचे निष्कर्ष यांचा कल त्यात तपासला जावा, अशी अपेक्षा आहे. ‘कल’ हा शब्द महत्त्वाचा. सादरीकरणात मात्र बहुधा वर्षअखेरची एकच संख्या दिसते आणि विसंगतींच्या रकान्यात ‘निरंक’.

मृदा परीक्षण प्रयोगशाळेचे उदाहरण घ्यावे. मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटकांची नोंद असते. किती नमुने तपासले, हे अहवालात ठळकपणे येते. नमुना दाखल झाल्यापासून पत्रिका शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत किती दिवस लागले, हे क्वचितच. पेरणी आटोपल्यावर मिळालेली पत्रिका कितीही अचूक असली, तरी त्या पेरणीची खतमात्रा ठरविण्यास ती निरुपयोगीच. अशा प्रत्येक विलंबाची नोंद विसंगती म्हणूनच व्हावयास हवी. तसेच, ज्ञात मूल्याच्या संदर्भ नमुन्याची वाचने मर्यादेत असूनही महिनोन्महिने एकाच दिशेला सरकत असतील, तर उपकरणाचे अंशशोधन वा अभिकर्मक तपासणे आवश्यक ठरते. वार्षिक सरासरीत हे लपते, मासिक आलेखात दिसते.

‘निरंक’ला शाबासकी देण्याची प्रथा येथे घातक आहे. त्रुटी प्रामाणिकपणे नोंदविणाऱ्या विभागाकडेच खुलासा मागितला गेला, की पुढील वर्षी तोही ‘निरंक’ लिहू लागतो. अध्यक्षांनी पहिला प्रश्न मागील इतिवृत्ताविषयी विचारावा : मंजूर झालेले मनुष्यबळ व साधने प्रत्यक्ष मिळाली का, आणि त्यानंतर विलंब किती दिवसांनी घटला?