प्राध्यापकाची जागा बाजारांत कां ?

१८८२ सालीं जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढें मागणें केलें कीं, प्राथमिक शाळांचे शिक्षक होतां होईल तों शेतकरी वर्गांतून तयार करावे. ज्यानें नांगर धरला त्यालाच नांगर धरणाराच्या पोराची अडचण कळते. त्याच शेतकर्‍याचीं नातवंडें आज कॉलेजाच्या दाराशीं उभीं आहेत, आणि दार आंतून लावलेलें आहे !

आमच्या धाराशिव जिल्ह्यांत कळंब-भूम-परंड्यापासून उमरगा-लोहार्‍यापर्यंत कुणब्या-कुंभारांचीं, सुतार-लोहारांचीं मुलें मराठी, इतिहास, समाजशास्त्र घेऊन एम. ए. झालीं. सेट-नेट पास झालीं, कित्येक पीएच. डी. झालीं. सोयाबीन विकून फी भरली, आईचा दागिना मोडला. आणि हातीं काय आलें ? तासावर मजुरी ! सरकार तिला 'तासिका तत्त्व' म्हणतें. तास तितके पैसे, सुटी लागली कीं चूल थंड, आणि तेही पैसे वेळेवर मिळतील याचा भरंवसा नाहीं. कायम सहायक प्राध्यापकाचें मूळ वेतन सातव्या वेतन आयोगांत ५७,७०० रुपयांपासून सुरू होतें. फळा तोच, धडा तोच, मुलें तींच. मग हा भेद कां?

अनुदानित कॉलेजांत पगार सरकारी तिजोरींतून, म्हणजे तुमच्या-आमच्या पैशांतून निघतो. पण नेमणूक संस्था करते. निवड समितीचा अध्यक्ष संस्थेचाच अध्यक्ष किंवा त्यानें नेमलेला माणूस. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ च्या नियमांत लिहिलें कीं, पदव्या, परीक्षा, लेख यांचे गुण मुलाखतीला बोलावण्यापुरते मोजावे आणि निवड केवळ मुलाखतीवर करावी. म्हणजे वीस वर्षांची विद्या चपलांजवळ ठेवावयाची आणि घटकाभराच्या बोलण्यावर जन्माचा निकाल ! जेथें माप कोणास दिसत नाहीं तेथें मापांत पाप शिरतें. त्या पापाचें नांव 'डोनेशन'.

पूर्वीं दोष द्यावयास सावकार होता. आज पुष्कळ संस्था आमच्याच नात्यागोत्यांतल्या माणसांच्या हातीं आहेत, हें कबूल केल्यावांचून बोलणें खोटें ठरेल.

बाप हो, ऐका. जागेसाठीं शेत विकूं नका. विकलेलें शेत परत येत नाहीं. आणि तुम्हीं शेत विकून भाव चढविलात, तर ज्याच्यापाशीं विकावयास शेतच नाहीं त्या कुंभार-लोहाराच्या गुणी पोरानें काय करावें ? तुमच्या पैशानें त्याचें दार बंद होतें.

कायदा मुका नाहीं. १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा सरकारी मदत घेणार्‍या शिक्षणसंस्थेच्या पदाधिकार्‍यासही लोकसेवक मानतो. २०१८ च्या दुरुस्तीनें लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र ज्यास भाग पाडलें त्यानें सात दिवसांत तक्रार केली तर तो सुटतो.

आमचें मागणें थोडें आहे. उमेदवारांचे कागदावरचे गुण मुलाखतीपूर्वीं फळ्यावर लावा. मुलाखतीचे गुण त्याच दिवशीं जाहीर करा. तासिकेचे पैसे दरमहा द्या. रिकाम्या कायम जागा भरा.

एकट्याच्या ठोठावण्यानें दार उघडत नसेल तर दहा गांवांनीं मिळून ठोठवावें. विद्या विकत मिळत नाहीं. मग ती शिकविणाराची जागा तरी विकत कां मिळावी?