भाची पटकथा शिकली



माझ्या भाचीने पुण्यात पटकथालेखनाचा अभ्यासक्रम पूर्ण केला. मंदिराच्या ओट्यावर पहिलाच प्रश्न आला, "मग नोकरी कधी लागणार?" पोर खाली मान घालून बसली. मला खटकलं. सीएच्या परीक्षेला मुलं पाच-पाच वर्षं बसतात, त्यांना आपण बदाम भिजवून देतो ना?

आपण नागभीडकर. दिवाळी झाली की झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात, वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात, लोक तिकीट काढून बसतात. ती कुणीतरी लिहिलेलीच असतात. (मीही सूर्यास्ताआधी जेवून, शाल घेऊन जाते.) आपल्याच जिल्ह्यातल्या खेड्यात घडणाऱ्या जयंत सोमलकरांच्या 'स्थळ'ला २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात नेटपॅक पुरस्कार मिळाला. विषय काय, तर मुलगी पाहायला येणारे पाहुणे. आपण सगळ्या त्या पाटावर बसलोय. लिहायचं मात्र त्यांना सुचलं.

भाचीला मी दोनच गोष्टी सांगितल्या. खलनायकालाही त्याची बाजू असू दे, अनेकांत आपल्या घरचाच आहे. दुसरी, बी. कॉम. मावशीची: करार वाचल्याशिवाय सही नको. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावर लेखकाचा रॉयल्टीचा हक्क आहे, तो निर्मात्याला लिहून देता येत नाही.

पुढच्या आठवड्यात ती मुंबईला निघतेय. वर्षभराचं खोलीभाडं तिची आई आणि मी निम्मं निम्मं भरणार. तोवर ओट्यावर भेटली, तर "सध्या काय लिहितेस?" एवढंच विचारा.