घरच्या व्हीपीएनचीही सरकारदरबारी नोंद होते का?

केंद्राच्या ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ रोजी व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांचं नाव, पत्ता, फोन नंबर ५ वर्षं जपून ठेवायला सांगितलं. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्कने भारतातले सर्व्हरच हटवले. मग घरच्या कॉम्प्युटरवरचे फोटो बाहेरून पाहता यावेत म्हणून डॉकर कंटेनरमध्ये स्वतःचं वायरगार्ड चालवणाऱ्यांचं काय?

नियम इतरांना सेवा देणाऱ्यांसाठी आहे, स्वतःपुरत्या व्हीपीएनसाठी नाही. पण मेख पुढेच आहे. अनेक इंटरनेट कंपन्या एकच पब्लिक आयपी बऱ्याच घरांत वाटतात. त्यामुळे बाहेरून थेट घरच्या नेटवर्कमध्ये शिरता येत नाही. मग कंटेनरमधला क्लायंट भाड्याच्या सर्व्हरला जोडावा लागतो. असे सर्व्हर देणाऱ्या कंपन्या त्याच आदेशात येतात. म्हणजे व्हीपीएन तुमचं, पण सर्व्हर कुणी घेतला याची नोंद कंपनीकडे राहणारच.